दार नसलेलं दीपगृह

मी दीपगृह बांधलं आणि त्याला दार ठेवलं नाही.

ही चूक किती मोठी आहे, ते मला बाहेरून कळलं नाही. आत अडकल्यावर कळलं. आणि ज्या संध्याकाळी कळलं, त्याच संध्याकाळी मुलीकडची माणसं मला बघायला आली होती.

आता उस्मानाबाद जिल्ह्यात दीपगृह कुठून आलं, ते सांगतो. निजामाचं राज्य गेलं तेव्हा मी शिकत होतो. पुढं हैदराबाद राज्यही गेलं आणि आम्ही मुंबई राज्यात आलो, तेव्हा मी शिकवत होतो. राज्य बदललं की साहेब बदलतात, शिक्के बदलतात. आमच्या शाळेत बदललं ते भूगोलाचं पुस्तक. जुन्या पुस्तकात आमच्या राज्याला समुद्रच नव्हता. नव्या पुस्तकात तो एकदम आला. बंदरं, खाड्या, गलबतं, बेटं, सगळ्या लवाजम्यासकट. आणि तो शिकवायचं काम आलं माझ्याकडं. तोवर मी पाहिलेलं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे तेरणेचा पूर, आणि तोही ओसरल्यावर दुसऱ्या दिवशी बघायला गेलो होतो.

"गुरुजी, समुद्र आपल्या तळ्याएवढा असतोय का?" पोरं विचारायची.

"त्याहून मोठा."

"किती मोठा?"

"लई."

माझं समुद्राचं ज्ञान या एका शब्दात मावत होतं.

अशात मला एक जुनं मासिक सापडलं. त्यात एका बेटावरच्या पुरातन दीपगृहाची सचित्र हकीकत होती. ती वाचली आणि माझ्या अंगात आली. त्या बेटावर आधी म्हणे कोळी लोक उंचवट्यावर लाकडं पेटवायचे, घरच्या होड्यांना खडक दिसावेत म्हणून. पुढं तिथं गढी झाली, तेव्हा तिच्या बुरुजावर तेलाचे टेंभे आले. मग इंग्रजांनी दगडी मनोरा उभा केला. एका दगडाला खाच, दुसऱ्याला दात, अशी एकात एक गुंतवलेली चिरेबंदी. बुडाशी रुंद, वर निमुळता, म्हणजे लाट आपटली तरी तिचा जोर अंगावरून निसटून जावा. माथ्यावर काचेची खोली, खोलीत माणसाएवढं भिंग, भिंगात दिवा. भिंग फिरवायला घड्याळासारखं यंत्र, आणि त्या यंत्राला किल्ली द्यायला सहकुटुंब राहणारा एक माणूस. बुडाचा भाग तर भरीव, त्याला एकसुद्धा भोक नाही, कारण लाटा आत शिरतील.

इथवर वाचलं आणि तासाची घंटा झाली. उरलेलं नंतर वाचू म्हणून मासिक मिटलं, ते मिटलंच. पुढच्या पानावर काय होतं ते मला फार उशिरा कळलं. त्या भरीव बुडाच्या वर, लाटांच्या आडोशाला, जमिनीकडच्या अंगानं दार होतं आणि तिथवर चढायला लोखंडी शिडी होती. चित्र काढणारा समुद्राच्या बाजूला होडीत बसला होता, म्हणून चित्रातही दार नव्हतं. आता यात माझी चूक किती आणि त्याची किती, तुम्हीच ठरवा.

अर्ध्या लेखाच्या बळावर मी गावभर व्याख्यानं देत सुटलो. हॉटेलात चहा गार व्हायचा, न्हाव्याकडं अर्धी दाढी तशीच राहायची, पण माझं दीपगृह संपत नसे. शेवटी शाळेच्या संमेलनासाठी मी कल्पना काढली, की आपल्या तळ्यात एक दीपगृह बांधायचं. तळं जुनं होतं. ते खोदताना मधोमध मुरमाचा एक ढिगारा राहून गेला होता. पाणी भरलं की तो बेटासारखा दिसायचा आणि त्यावर बगळे बसायचे.

आमचे हेडमास्तर शेरवानी घालायचे, उर्दूत शिकलेले होते, आणि मराठी बोलताना प्रत्येक वाक्य तपासून बाहेर सोडायचे. त्यांनी विचारलं, "मास्तर, आपल्या तळ्यात जहाज कोणतं येतं?"

"जहाज येत नाही साहेब. पण मुलांना समुद्र समजेल."

"बांधा," ते म्हणाले. "बांधताना तरी तुमचं तोंड बंद राहील."

हे झालं शाळेचं. पण माझा खरा जीव अडकला होता तो दुसरीकडंच. नळदुर्गाच्या पलीकडच्या एका गावातलं स्थळ माझ्या मामांनी काढलं होतं. मुलीला मी एकदा एका लग्नाच्या पंगतीत पाहिलं होतं. मी वाढत होतो. तिला पाहिलं आणि मी एका म्हाताऱ्या पाहुण्यांच्या पत्रावळीत बुंदीवर मठ्ठा ओतला. पाहुण्यांनी तेही कालवून खाल्लं, पण ती हसली. त्या दिवसापासून मला मोसमी वारे नीट शिकवता येईनात. नैर्ऋत्येकडून निघालेले वारे मी भलतीकडंच नेऊन सोडायचो.

मुलीच्या वडिलांची ना नव्हती. पण त्यांच्या घरात शेवटचा शब्द मुलीच्या आत्याचा. आत्याबाईंचे यजमान लग्नानंतर थोड्याच दिवसांनी सोलापूरला तंबाखू आणायला म्हणून गेले होते, ते अजून आणतच होते. तेव्हापासून त्या माहेरीच राहायच्या, आणि भाचीला सांगून आलेला प्रत्येक मुलगा एकाच गोष्टीसाठी पारखायच्या. शिक्षण नको, रूप नको, शेती नको. टिकणारा पाहिजे. आधीची दोन स्थळं त्यांनी नापास केली होती. एक मुलगा बोलताना सारखा दाराकडं बघत होता म्हणून, आणि दुसऱ्यानं चपला काढतानाच त्यांची तोंडं बाहेरच्या बाजूला करून ठेवली म्हणून.

नवस फेडायला ती मंडळी तुळजापूरला निघणार होती. वाटेत आमच्या गावी थांबून मला बघणार, आणि संध्याकाळच्या बसनं पुढं जाणार. मामांनी दिवस विचारला, तेव्हा मी नेमका संमेलनाचा दिवस सांगितला. एका मास्तरला नुसतं ओसरीवर बसवून काय बघायचं? तळ्याच्या पाण्यात उजेड पाडणारा माणूस म्हणून त्यांनी मला बघावं, असा माझा बेत.

बांधायला उस्ताद आले. पंचक्रोशीतल्या निम्म्याअधिक विहिरी त्यांनी नाहीतर त्यांच्या वालिदांनी बांधलेल्या. गडी मोठा गर्वाचा. स्वतःच्या विहिरीचं पाणी आटलं तरी दोष पावसाला द्यायचे.

"किती पुरुष खोल?" त्यांनी पहिलाच प्रश्न केला.

"खोल नाही उस्ताद, उंच. तीन पुरुष उंच."

"उंच?" त्यांनी दाढी खाजवली. "मंजे बावडीच, पन जमिनीच्या वर?"

आणि मी, भूगोलाचा शिक्षक, उत्साहानं म्हणालो, "अगदी बरोबर! बावडीच समजा. फक्त वर निमुळती करा. आणि खाली एकसुद्धा भोक दिसता कामा नये. लाटा आत शिरतात."

उस्तादांनी तळ्याकडं पाहिलं. काठाला चार म्हशी पाण्यात बसल्या होत्या, त्यांतली एक उठली, तेवढंच काय ते पाणी हललं. "बरं," ते म्हणाले. "तुमी बोलता तर शिरत असतील."

ते दिवस श्रमदानाचे होते. रस्ता म्हटलं की श्रमदान, विहीर म्हटलं की श्रमदान. आम्ही दीपगृहाला लावलं. वरच्या वर्गातली मोठी पोरं पडक्या कोठाराचे दगड काठावर आणायची आणि तिथून ते काहिलीतून बेटावर जायचे. काहील म्हणजे गूळ करायची भलीमोठी कढई. आमच्याकडं पूर आला की तीच होडी. तिला पुढं-मागं असं काही नसतं. वल्हं मारलं की ती आधी स्वतःभोवती फिरते आणि मग मनात आलं तर पुढं जाते.

विहीर बांधणारा गवंडी आत उभा राहतो आणि भिंत त्याच्या भोवतीनं चढते. उस्तादांनी तसंच केलं. आतल्या अंगाला, विहिरीत उतरायला ठेवतात तशा, भिंतीतून बाहेर आलेल्या दगडांच्या पायऱ्या ठेवत ते गोल गोल वर चढत गेले. निमुळतं करण्यावरून रोज भांडण. "बावडी वर तंग केली तर पोहरा अडकंल," ते म्हणायचे. "पोहरा सोडायचाच नाही!" मी काठावरून ओरडायचो. शेवटी मनोरा पुरा झाला. उस्ताद माथ्यावरून बाहेर आले आणि परांचीवरून खाली उतरले. परांचीचे बांबू सोडले, पांढरा चुना दिला, मधोमध गेरूचा लाल पट्टा ओढला. काय दिसत होतं सांगू! बाजाराला निघालेले लोक बैलगाड्या थांबवून बघायचे. एका म्हातारबाबांनी तर लांबूनच हात जोडले.

संमेलनाच्या आदल्या दिवशी हेडमास्तर काहिलीतून पाहणीला आले. मनोऱ्याला एक चक्कर मारली. मग परत एक मारली. मग शेरवानीचं वरचं बटण लावून त्यांनी अगदी शांतपणे विचारलं, "मास्तर, आत जायचं कुठून?"

मी उस्तादांकडं पाहिलं. उस्तादांनी माझ्याकडं पाहिलं.

"उस्ताद, दार?"

"दार?" उस्ताद म्हणाले. "बावडीला दार? साऱ्या दुनियेत एक दाखवा."

"बावडीला नसतं हो! दीपगृहाला असतं!"

"मग बोल्ले का न्हाई?"

"दार ठेवा हे काय सांगावं लागतं?"

"तुमीच बोल्ले, एक भोक नको. आता हेडमास्तरांपुढं बोला, बोल्ले का न्हाई?"

बोललो होतो. हेडमास्तर खाली बघून हसत होते, असं मला वाटलं, पण शेरवानीतल्या माणसाचं नक्की काही सांगता येत नाही.

"मग फोडा आता एवढं," मी म्हणालो.

उस्तादांनी पगडी सारखी केली. "मेरी बांधी हुई दीवार आजतक किसीने तोडी न्हाई. तुमी तोडा आन तुमीच बुजवा." आणि ते काहिलीत जाऊन बसले, आमच्याकडं पाठ करून.

तोड निघाली ती शिडीची. बाहेरून शिडी लावायची, माथ्यावर चढायचं, आतल्या सगळ्यात वरच्या पायरीवर उभं राहून कठड्यावर दिवा ठेवायचा आणि आल्या वाटेनं उतरायचं. कुणाला कळतंय दार आहे की नाही! दिवा म्हणजे लग्नाच्या वरातीतली गॅसबत्ती. आणि पाहुण्यांवर छाप पडावी म्हणून माझी एक खास भर. फटाके बनवणाऱ्या तेरखेड्याहून मी एक मोठा भुईनळा आणला होता. बत्ती लागली की शेजारीच तो पेटवायचा, म्हणजे दीपगृह दूरवर दिसल्यासारखं वाटेल.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला तळ्याचा बांध माणसांनी भरला. मी धुवट धोतर, कोट आणि टोपी घालून मनोऱ्यावर चढलो. शाळेचा शिपाई खाली शिडी धरून उभा. त्याची काहील तिथंच बेटाच्या काठाला. मी बत्तीला हवा भरली आणि ती भुसभुसत पेटली. बांधावर टाळ्या झाल्या. तेवढ्यात मला मामांचा फेटा दिसला. त्यांच्या मागं मुलीचे वडील, त्यांच्या शेजारी कमरेवर हात ठेवून उभी एक उंच बाई, ती आत्या असणार. आणि तिच्या मागं ती. मी भुईनळ्याला काडी लावली.

तेरखेड्याचा माल मोकळ्या माळावर उडवायचा असतो. तो हाताच्या अंतरावर, एका अरुंद कठड्यावर उडवायचा नसतो, हे भूगोलात येत नाही. असा काही फुत्कार करून तो उठला, की मी एकदम दोन पायऱ्या खाली आत गेलो. ठिणग्यांचा पाऊस पडला तो सगळा खाली शिपायावर. त्यानं शिडी सोडली आणि काहिलीत उडी मारली. काहील गरागरा फिरत तळ्यात निघाली. शिडी सावकाश कलली, पाण्यात पडली आणि तीही त्याच्या मागोमाग गेली.

धूर निवळला तेव्हा मी परत वर आलो. बांधावरून फक्त माझं डोकं दिसत असणार, आणि शेजारी गॅसबत्ती. टोपीला ठिणगीनं एक भोक पडलं होतं.

"मुलगा कुठं आहे?" मुलीच्या वडिलांचा आवाज आला. पाण्यावरून आवाज फार स्वच्छ येतो.

"त्यो काय," मामा म्हणाले. "त्यो वरचा."

मग वडिलांनी हाताचा कर्णा करून विचारलं, "नमस्कार! तिथं काय करताय?"

"नमस्कार! दीपगृह दाखवतोय!"

"बघितलं! झ्याक हाय! आता खाली या!"

"येता येत नाही!"

"का बरं?"

"शिडी गेली!"

"मग दारानं या की!"

मी बत्तीची हवा तपासू लागलो. सगळा बांध माझ्या उत्तराची वाट बघत होता. शेवटी पलीकडून हेडमास्तरच तपासून तपासून म्हणाले, "जनाब, दार नाही आहे."

आधी एक माणूस हसला, मग दहा, मग सगळा बांध. त्या सगळ्या गलक्यातून मला पंगतीतलं ते हसू वेगळं ऐकू आलं. वाटलं, संपलं. टिकणारा मुलगा हवा असलेल्या बाईसमोर मी भोकाच्या टोपीनिशी अडकलोय, आणि त्यांची बस यायला फार वेळ नव्हता.

"पवता येतंय का?" हा आत्याबाईंचा आवाज. त्यांना हाताच्या कर्ण्याची गरज नव्हती.

"नाही!"

"मग पाण्यात घर कशाला बांधलंत?"

मी आत उतरलो. निदान दिसणार तरी नाही. अगदी तळाशी जाऊन बसलो. चुन्याचा ओला वास, गार दगड, आणि वर बघावं तर आभाळाचा एक गोल तुकडा. उस्तादांचं खरं होतं. ती विहीरच होती, नुसती कोरडी. पुढं कितीतरी वर्षांनी एका सहलीत मी खरं दीपगृह पाहिलं, तेव्हा सगळे भिंग बघायला वर धावले आणि मी खाली दाराशीच रेंगाळलो. चांगलं जाड सागवानी, पितळी कडीचं दार होतं. मी ते उघडून बघितलं, मिटून बघितलं, परत उघडून बघितलं. तिथला राखणदार म्हणाला, साहेब, दार बघायला आलेले तुम्ही पहिलेच.

पण त्या संध्याकाळी आत बसल्या बसल्या मी एवढंच ऐकत होतो, की बसचा भोंगा वाजतोय का. तेवढ्यात बाहेरून दगडावर ठणठण झाली.

"मास्तर! सब्बल मारतो! बाजूला सरा!" काहील वळवून पहार घेऊन आलेले उस्ताद होते.

"कुठल्या बाजूला? सगळं गोलच आहे!"

"मग मध्ये बसा आन डोकं धरा!"

स्वतःची भिंत फोडताना उस्ताद प्रत्येक घावाला मला एकेक शिवी देत होते. शिव्या दख्खनीत होत्या, त्यामुळं वजनदार होत्या. शेवटी एक दगड निघाला, मग दुसरा, आणि बाहेरच्या कंदिलाचा उजेड आत आला. मी आधी डोकं, मग खांदे, असा रांगत रांगत बाहेर आलो. कोट पांढरा, मिश्या पांढऱ्या. उस्तादांनी मागं सरून भोकाकडं पाहिलं आणि त्यांचा राग एकदम उतरला. "छान दिसतंय," ते म्हणाले. "आधीच ठेवायला पायजे होतं."

काहिलीतून काठाला यायचं म्हणजे आणखी एक परीक्षा. मुलीकडच्यांसमोर तोंड करून बसलो होतो, पण काहील फिरत फिरत आली आणि काठाला लागली तेव्हा माझी त्यांच्याकडं पाठ होती. मी उठून वळलो, घसरलो, आणि गुडघाभर पाण्यातून वर आलो.

मुलीचे वडील खाकरले. "आक्का, चला आता. बस चुकंल."

मामा जमिनीकडं बघत होते. ती पदराचं टोक तोंडावर धरून उभी होती, आणि पदर हलत होता. मी मनात म्हणालो, एवढं हसू पुरवायचं तर पुरवलं आपण. जाऊ द्या त्यांना.

आत्याबाई हलल्या नाहीत. त्या माझ्याभोवती एक पुरी चक्कर मारून आल्या, हेडमास्तर मनोऱ्याभोवती फिरले होते अगदी तशाच. मग समोर उभ्या राहिल्या.

"गुरुजी, ते तुमी सोता बांधून घेतलं?"

"हो."

"आन सोताच आत अडकलासा?"

"हो."

"भाईर पडायची वाट ठिवायचं ध्यानातच आलं न्हाय?"

"नाही आलं."

त्यांनी लांब श्वास घेतला, कमरेवरचे हात काढले आणि भावाकडं वळल्या.

"आरं, फोड सुपारी. अक्कल न्हाय ते तर गावानंच बघितलं. पर सोताच बांधल्याल्यातनं ज्याला भाईर पडाया येत न्हाय, त्यो गडी संसार सोडून कुठं पळणार हाय!"